शेजारची राजधानी : सोलापूरहून विजापूर, एका दिवसात

सकाळी आगगाडीने निघावे, एखादे जुने शहर डोळे भरून पाहावे आणि रात्री आपल्या घरी परतावे, ही कल्पना आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तिचा उगम मात्र एका व्यसनमुक्तीच्या सभेत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर या पुरातन शहरातून सुमारे पाचशे माणसे एका खास गाडीने लफबरो या जवळच्या गावी गेली. तेथे मद्यपानविरोधी सभा होती. जाण्यायेण्याचे भाडे माणशी एक शिलिंग होते आणि हा सारा बेत आखणाऱ्या गृहस्थाचे नाव होते थॉमस कुक. कामगाराच्या हाती सुट्टीच्या दिवशी दारूचा पेला येण्याऐवजी रेल्वेचे तिकीट यावे, हा त्याचा साधा हेतू होता. पुढे त्याच्या नावाची प्रवासी कंपनी जगभर पसरली.

त्याच लेस्टरमध्ये १९७२ नंतर युगांडातून हाकलली गेलेली अनेक भारतीय व्यापारी कुटुंबे स्थिरावली. त्यांत जैनही होते. १९८८ साली तेथील एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली. निरनिराळ्या पंथांचे श्रावक तेथे एकाच छपराखाली वंदन करतात. मोजे आणि होजिअरी विणणारे म्हणून ख्यातनाम असलेले हे शहर. रोमन काळातील भिंत, मध्ययुगीन चर्च आणि संगमरवरी कोरीवकामाचे जिनालय असे तिन्ही तेथे एका दिवसात पाहून होते. लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारे आईवडील आगगाडीने तेथे आवर्जून जातात.

सोलापूरकरांच्या बाबतीत मौज अशी की, लेस्टर पाहून आलेल्या कित्येक कुटुंबांनी विजापूर पाहिलेले नसते. विणकामाच्या आपल्या शहरापासून रेल्वेने सुमारे ११० किलोमीटरवर एक राजधानी उभी आहे. जगातील अतिविशाल घुमटांपैकी एक तेथे आहे, सहस्रफणी पार्श्वनाथांचे जिनबिंब तेथे आहे आणि सोलापूरच्या स्वतःच्या इतिहासाची निम्मी पाने तेथे लिहिली गेली आहेत. दुकान एक दिवस बंद ठेवले किंवा मुनीमजींवर सोपवले, तर घरातील तीन पिढ्यांना एकत्र घेऊन हा प्रवास सहज घडतो.

दुष्काळातून आलेला लोहमार्ग

सोलापुरात रेल्वे आली ती १८६० साली, मुंबईहून पुणेमार्गे. विजापूरकडे जाणारी शाखा मात्र पुष्कळ उशिरा निघाली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात धान्य होते तेथून नव्हते तेथे नेण्याची सोय नसल्यामुळे असंख्य माणसे आणि जनावरे प्राणास मुकली. त्या अनुभवानंतर दुष्काळी मुलखातून रेल्वे नेण्याची निकड सरकारला पटली आणि होटगी ते गदग हा मार्ग १८८४ साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापुरास हलवण्यात आले. ओस पडलेल्या राजधानीत पुन्हा कचेऱ्या भरू लागल्या, त्याही काही ठिकाणी जुन्या शाही महालांतच.

हा मार्ग मीटर गेजचा होता आणि मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉड गेजचा. त्यामुळे होटगी जंक्शनवर प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. सोलापूरच्या आडत बाजारात ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ज्वारी, कापूस आणि गळिताच्या धान्याचा व्यापार केला, त्यांच्या दृष्टीने होटगी म्हणजे हमाली, तूट आणि उशीर यांचे गाव होते. गेज बदलून मार्ग रुंद झाला, तेव्हा ही अडचण संपली. आज सोलापूरहून निघालेली गाडी न थबकता सरळ विजापूर, बागलकोट, गदगकडे जाते. या मार्गावरील एका एक्स्प्रेसला तर गोलघुमटाचेच नाव आहे.

रेल्वे आणि सोलापूरचे जैन यांचे नाते केवळ प्रवाशाचे नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद घरचा पेढीचा व्यवसाय सोडून कंत्राटदारीकडे वळले, ते बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांपर्यंत पोहोचलेल्या त्या उद्योगपुरुषाचे पहिले पाऊल आपल्याच जिल्ह्याच्या परिसरातील रुळांवर पडले होते. प्रवासात मुलांना सांगण्यासाठी याहून चांगली गोष्ट कोणती?

होटगी मागे पडले की काळ्या मातीचा सपाट मुलूख सुरू होतो. ज्वारी, तूर, मधूनच द्राक्षांचे मांडव दिसतात. भीमा ओलांडली की कर्नाटक. फलाटावरची अक्षरे बदलतात, भाकरी बदलत नाही. लच्याण, इंडी रोड, मिंचनाळ अशी स्थानके एकामागून एक जातात. इंडीच्या लिंबांना दूरदूरच्या बाजारपेठांत मागणी आहे, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. दोन-अडीच तासांनी क्षितिजावर एक राखी गोलक दिसू लागते. विजापूर स्थानक येण्याआधीच गोलघुमट प्रवाशाला सामोरा येतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर असे झाले आहे. चालुक्यकाळापासूनचे मूळ नावही हेच.

अभिनव पंपाचे नगर

विजापूर म्हटले की आदिलशाही आठवते. परंतु तिच्याही सुमारे चारशे वर्षे आधी हे नगर जैन साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. इसवी सन ११०० च्या सुमारास होऊन गेलेला कन्नड जैन कवी नागचंद्र याने येथे एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांचे जिनालय उभारले आणि ‘मल्लिनाथपुराण’ रचले. जैन परंपरेतील रामकथा सांगणाऱ्या त्याच्या काव्यामुळे त्याला ‘अभिनव पंप’ ही पदवी लाभली. आदिपुराण रचणाऱ्या महाकवी पंपाचा हा नवा अवतार, असा त्या पदवीचा भाव. कन्नड साहित्याचे अभ्यासक आजही ती काव्ये वाचतात.

शहराच्या पश्चिमेस, दर्गा नावाच्या भागात, सहस्रफणी पार्श्वनाथांची बस्ती आहे. कन्नड मुलखात जिनमंदिराला बस्ती किंवा बसदी म्हणतात. भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावर सात किंवा नऊ फणांचे छत्र आपण नेहमी पाहतो. येथे काळ्या पाषाणातील बिंबावर १००८ फणा कोरलेल्या आहेत. त्या फणा आतून एकमेकींशी अशा जोडलेल्या आहेत की, वरून घातलेले अभिषेकाचे दूध फणाफणांतून झिरपत खाली येते. शिल्पकाराने पाषाणात एवढे बारीक मार्ग कसे कोरले असतील, याचे कोडे पाहणाऱ्याला सुटत नाही. कमठाच्या उपसर्गात धरणेंद्राने धरलेले छत्र आणि त्याखाली अविचल असलेले प्रभू, ही कथा पाठशाळेत ऐकलेल्या मुलांना येथे ती दगडात पाहता येते.

राजवटी बदलण्याच्या अस्थिर काळात हे बिंब भूमीखाली सुरक्षित ठेवले होते आणि पुढे ते पुन्हा प्रकट झाले, अशी परंपरा सांगितली जाते. असे प्रसंग दक्षिणेतील अनेक क्षेत्रांच्या कथांत येतात. त्यामागे त्या त्या काळातील निनावी श्रावकांची चिंता आणि धीर असतो. स्वतःच्या हयातीत पुन्हा दर्शन होईल याची शाश्वती नसताना, पुढच्या कोणाला तरी ते व्हावे म्हणून मूर्ती मातीआड करणारी ती माणसे कोण होती, हे कोणत्याच शिलालेखात नाही.

सकाळी स्थानकावरून थेट बस्तीत जाऊन दर्शन, प्रक्षाळ आणि पूजा आटोपावी व मग शहर पाहावयास निघावे, हा क्रम सोयीचा ठरतो.

घुमटाखाली

गोलघुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ साली वारला. वास्तूची रचना दाभोळच्या याकूत नावाच्या स्थपतीने केली असे मानले जाते, म्हणजे या आश्चर्याचे एक टोक आपल्या कोकणात आहे. आतील दालनाचे क्षेत्रफळ अठरा हजार चौरस फुटांहून अधिक आहे आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. एवढा भार चौकोनी भिंतींवर पेलला कसा? त्याचे उत्तर वर पाहिल्यास मिळते. एकमेकांत गुंतलेल्या आठ कमानी चौकोनाचा हळूहळू वर्तुळाकार घडवतात आणि घुमटाचे ओझे आतल्या बाजूस तोलून धरतात. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आजही ही युक्ती अभ्यासावयास येथे येतात.

चारही कोपऱ्यांवरील सात मजली मनोऱ्यांतून शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेले की घुमटाच्या पोटातील सज्जा लागतो. तेथे भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूला, अडतीस-एक मीटर अंतरावर, कानाशी बोलल्यासारखी ऐकू येते. टाळी वाजवली तर तिचे सात-आठ वेळा पडसाद उमटतात. बहुतेक लोक तेथे जाऊन आरडाओरडा करतात आणि त्या गोंगाटात खरा चमत्कार हरवतो. गर्दी होण्याआधी गेलेल्या कुटुंबाला तो अनुभवता येतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी खाली थांबून समोरच्या नगारखान्यातील संग्रहालय पाहावे. शिलालेख, चिनी मातीची भांडी आणि गालिचे यांच्या बरोबरीने तेथे प्राचीन जिनमूर्तीही आहेत. शुक्रवारी हे संग्रहालय बंद असते, तेव्हा दिवस ठरवताना एवढे ध्यानात ठेवावे.

शहराच्या पश्चिम कुशीत असलेला इब्राहिम रोझा आकाराने लहान, पण कोरीवकामात अधिक नाजूक आहे. त्याच्या भिंतीवरील फारसी लेखात दीड लाख नऊशे होन खर्च झाल्याची नोंद आहे. वरचे नऊशेही न विसरता दगडात कोरणारा तो कारभारी मलिक संदल व्यापाऱ्याच्या मनाला आपला वाटेल! येथे चिरनिद्रा घेणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीताचा मोठा रसिक होता. त्याच्या गीतसंग्रहात सरस्वतीची स्तुती आहे आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

तटावरच्या मलिक-ए-मैदान तोफेची कथा तर सर्वस्वी आपल्या मुलखाची. १५४९ साली ती अहमदनगरात ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापुरास आली. वजन अंदाजे ५५ टन. सिंहाच्या जबड्यात हत्ती चिरडला जात असल्याचे शिल्प तिच्या तोंडावर आहे. इंग्रज अंमलात, १८५४ साली, निरुपयोगी सरकारी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची! एवढ्या क्षुद्र रकमेत ती देणे स्थानिक अधिकाऱ्याला योग्य वाटले नाही, त्याने वरिष्ठांना कळवले आणि विक्री रद्द झाली. संहाराचे ते अवजार गेली कित्येक शतके मौन धरून आहे आणि शाळकरी मुले तिच्याभोवती निर्भयपणे खेळतात, हे दृश्य अहिंसेच्या उपासकाला समाधान देणारे आहे.

आंदण दिलेले सोलापूर

विजापुरातील वास्तू पाहताना सोलापूरची आठवण पदोपदी येते. आपला भुईकोट किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सरहद्दीवर होता. १५२४ च्या सुमारास विजापूरची शहजादी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात ते दिले गेले नाही आणि त्या न फेडलेल्या शब्दावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे युद्धे झाली. पुढे अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर पुन्हा आंदणात आले, या वेळी विजापूरकडे. लग्नाच्या बोलणीत ठरलेला व्यवहार मोडला म्हणून रयत किती वर्षे होरपळली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

त्यानंतर १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला आणि विजापूरकडे संपत्तीचा ओघ लागला. सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट पुरा झाला, जामा मशिदीची उभारणी सुरू झाली, पेठा वसल्या. शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते आणि १६५९ मध्ये अफझलखान येथूनच निघाला. १६८६ साली औरंगजेबाने हे शहर घेतले. दरबार उठला, लवकरच प्लेगची साथ आली. राजधानीपण गेले तसे गिऱ्हाईक गेले, आणि गिऱ्हाईक गेले तशा पेठा गेल्या.

व्यापारी कुटुंबाने विजापुरात खरोखर विचार करावा तो येथे. जो बाजार एका दरबाराच्या खर्चावर उभा असतो, तो दरबाराबरोबर मावळतो. सोलापूरने हे वेगळ्या रूपात अनुभवले आहे. १८७७ च्या जुन्या मिलपासून या शहराची घडी गिरण्यांच्या भोंग्यावर बसली होती. एकेक भोंगा बंद पडला, तेव्हा कामगारांच्या चुली थंड झाल्या आणि त्यांच्या उधारीवर चालणारी किराणा व कापडाची दुकानेही डगमगली. तरीही सोलापूर ओस पडले नाही. चादर आणि टॉवेलचे यंत्रमाग, तयार कपड्यांचे व्यवसाय, शिक्षणसंस्था, रुग्णालये अशा अनेक आधारांवर ते तगले. ज्या घरांनी एकाच गिऱ्हाइकावर, एकाच मालावर विसंबून राहणे टाळले, ती घरे सावरली. बारा कमानच्या अर्धवट उभ्या राहिलेल्या काळ्या कमानींखाली बसून आजोबांनी नातवाला ही गोष्ट सांगितली, तर ती दुकानाच्या गादीवर सांगितल्याहून अधिक ठसेल. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर गोलघुमटालाही मागे टाकण्यासाठी आरंभली होती. १६७२ मध्ये तो वारला आणि काम जेथल्या तेथे राहिले.

पाण्याचा हिशेब

पावसाची कमतरता दोन्ही शहरांच्या पाचवीला पुजलेली. आदिलशाहीने तोरवीकडून भूमिगत मार्गाने पाणी आणले, १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला आणि मातीच्या नळांतून ते शहरात खेळवले. वाटेत जागोजागी उभारलेले उंच चौकोनी मनोरे, ज्यांना गंज म्हणतात, नळातील पाण्याचा दाब कमी करत. १६२० च्या सुमाराची ताज बावडी आपल्या भव्य कमानीसह आजही पाहावयास मिळते. मध्यंतरी तिच्यात कचरा साठला होता. अलीकडच्या काळात गाळ उपसून ती साफ करण्यात आली. पाणी गाळून, मोजून वापरण्याचा संस्कार असलेल्या घरांना हे सारे नवलाचे वाटू नये. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याचे दिवस सोलापूरकरांनी पाहिलेच आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या नळांची ही योजना मुलांना जरूर दाखवावी.

शिदोरी आणि परतीची वेळ

जैन कुटुंबाच्या प्रवासात दोन गोष्टी आधी ठरतात, शिदोरी आणि सूर्यास्त. दशम्या, ठेपले, खाकरे, लसणाविना कुटलेली शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि उकळून गाळलेले पाणी घरून नेले, तर दिवसभर अडचण पडत नाही. मोठ्या संख्येने जायचे असल्यास बस्तीत आधी विचारणा करावी, म्हणजे भोजनाची सोय होईल की नाही ते कळते. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळचे जेवण परतीची गाडी पकडण्यापूर्वी उरकावे. हिवाळ्यात दिवस लहान, पण हवा सुखद. उन्हाळ्यात दगड तापतात, म्हणून तेव्हा जाणे टाळावे. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. दर्शन, गोलघुमट, इब्राहिम रोझा, तोफ, बारा कमान आणि ताज बावडी एवढे एका दिवसात रिक्षाने आरामात होते.

एकट्या कुटुंबाला जमत नसेल, तर पाठशाळांनी किंवा महिला मंडळांनी मिळून जावे. पन्नास जणांचा संघ गेला तर बस्तीत सामुदायिक अभिषेक होईल, ज्येष्ठांना सोबत मिळेल आणि कन्नड बोलणाऱ्या तेथील साधर्मिक बांधवांशी ओळख वाढेल. भीमेच्या दोन्ही तीरांवरील जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या आहेत. आता बायोडाटे मोबाईलवर येतात. पूर्वी अशाच यात्रांत माणसे माणसांना भेटत आणि घरे जोडली जात. येत्या मार्गशीर्षात एखाद्या मंडळाने हा बेत आखला, तर पहिल्या दहा तिकिटांसाठी घरातल्या लहान मुलांची नावे आधी लिहून घ्यावीत.